डाव्या धारेचा विळा

ताईला झटका आला तेव्हा ती मांडवीला, समुद्राकाठच्या आपल्या घरी, मागच्या पायरीवर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होती. शेजारच्या बाईंनी, ज्यांचा नवरा कुवेतला असतो, कुंपणावरून पाहिलं की हिच्या हातातली शेंग खाली पडली आणि ही काही ती उचलत नाही. त्यांनीच रिक्षा बोलावली, त्यांनीच इस्पितळात नेलं. मी तेव्हा पुण्यात एका मैत्रिणीकडे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले, तोवर मुंबईहून भाचा, ताईचा मुलगा, आला होता. डॉक्टरांनी विचारायचं ते त्याला विचारून झालं होतं आणि त्याने सांगायचं ते सांगून टाकलं होतं.

ताई माझी थोरली बहीण. मी लग्न केलं नाही, निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं आणि स्वभावाने तिरसट म्हणून नाव कमावलं. तिने संसार केला, नवरा गेल्यावर एकटीने घर चालवलं, आणि आम्हा दोघींच्या वाटणीचं बोलणंही तिनेच बोलून घेतलं. मासळीबाजारात ती कोळणीशी घासाघीस करायला लागली की मी पिशवी धरून लांब उभी राहायची. एवढ्याशा बांगड्यांसाठी इतकं बोलायचं म्हणजे मला लाज वाटायची.

ती ताई आता खाटेवर पडून होती. डावा हात, डावा पाय गेलेला, तोंड किंचित वाकडं. आणि शब्द नाही. एकही नाही.

डॉक्टर तरुण होते, घाटावरचे, समजावून सांगणारे. ते म्हणाले, मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला म्हणून डावं अंग गेलं. बोलणं बहुतेक माणसांचं मेंदूच्या डाव्या भागात असतं आणि तो भाग तर धडधाकट आहे. तेव्हा आजींचं न बोलणं हे धक्क्यामुळे असावं. अशा आजारानंतर पुष्कळ माणसं खचतात, मिटून जातात. मनाला उभारी देणारी गोळी देतो, वाट पाहू. त्यात वावगं काही नव्हतं. मीही मान हलवली. ऐकून घेणं मला जड जातं, पण प्रवासाने मी दमले होते.

घरी आणल्यावरही ती बोलेना. भाचा तिच्याशी मोठ्याने बोलायचा, लहान पोरांशी बोलतात तसं, आणि ती भिंतीकडे तोंड करायची. त्याने पाण्याचा पेला पुढे केला की ती मान हलवायची, मग त्याने तो परत नेला की डोळे भरून यायचे. तो बिचारा गोंधळून जायचा. भाचा वाईट नाही. त्याची रजा संपत आली होती आणि मुंबईच्या दोन खोल्यांत आजारी माणूस ठेवायची सोय नव्हती. एका सकाळी तो मला ओट्यावर घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, आईला आता काही कळत नाहीये. पनवेलच्या पुढे एक जागा आहे, अशा माणसांना सांभाळतात. चांगली आहे. मी बघून घेतलंय. बाग पण आहे."

"बाग कशाला हवी तिला?" मी म्हटलं. "तिला कळत नाहीये ना?"

मी आत गेले. ताई जागी होती. तिच्या पायाशी बसून मी भाच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आज मी कुळथाची पिठी करत्ये. यावेळी मिरची नको, चांगली दोन चमचे साखर घालीन म्हणत्ये."

ताईने माझ्याकडे जे पाहिलं ते पाहून माझा जीव भांड्यात पडला. कपाळाला आठ्या, तोंड उघडलं, ओठ हलले, घशातून कसलासा आवाज निघाला आणि तिथेच अडकला. मग तिने उजव्या हाताने गादीवर थाप मारली. खचलेलं माणूस असं चिडत नाही. वर्गात उत्तर येत असूनही जिभेवर न आलेली मुलं मी खूप पाहिली आहेत, ती अशीच बाकावर हात आपटतात.

मी बाहेर येऊन भाच्याला विचारलं, "डॉक्टरांनी आईच्या हाताचं काही विचारलं होतं का? उजवी की डावरी?"

"विचारलं ना, पहिल्याच दिवशी. मी सांगितलं, उजवी."

"उजवी?"

"मग? मी जन्मापासून बघतोय मावशी. उजव्या हाताने जेवते, उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने वाढते."

"आणि मोदक?"

"मोदकांचं काय?"

"गणपतीत आईचे मोदक ताटात वेगळे कळायचे की नाही? बाकीच्यांच्या कळ्या एका अंगाला झुकलेल्या, तिच्या दुसऱ्या?"

"हो," तो म्हणाला. "आम्ही पोरं शोधून काढायचो. पण ती आईची पद्धत ना?"

मी त्याला मेल्या म्हटलं आणि आणखीही काही म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. चूक त्याची नव्हतीच. त्याला जे दिसू द्यायचं नाही असं आमच्या घरात त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी ठरलं होतं, ते त्याला दिसलं नव्हतं.

ताई जन्माची डावरी. आमचं गाव इथून आत, घाटाच्या अंगाला. वडील गिरणीत मुंबईला आणि शेती आईच्या अंगावर. आईचा बाकी कशावर राग नव्हता, या एका हातावर होता. ताईने डाव्या हाताने पेज ढवळली की आई पळी काढून घ्यायची. "उजव्या हातान् घे गो. लोकांच्या घरात जायचा हाय तुला." लोकांचं घर हे आमच्या लहानपणचं सगळ्यात मोठं भय. डावरी मुलगी दाखवायची तर पाहुण्यांना ताट उलट्या हाताने देणार, कुणीतरी नाक मुरडणार, आणि मग त्या घरात डावी पोर आहे हे आसपासच्या वाड्यांत होणार. तेव्हा मुली बघायला आलेली माणसं सुईत दोरा ओवून दाखव म्हणायची. दृष्टी आणि हात दोन्ही कळतात म्हणे.

त्यासाठी आईने एक युक्ती काढली. ताईच्या डाव्या मुठीत चिंचोका द्यायचा. तो पडता कामा नये. मूठ मिटलेली, ती मांडीवर, आणि सगळं काम उजव्या हाताने. दिवसभर. चिंचोका पडला की आई काही बोलायची नाही, उचलून पुन्हा मुठीत ठेवायची. मी ओसरीवर बसून हे बघायची आणि मला आईचा संताप यायचा. तो संताप मी पुढे आयुष्यभर जपून ठेवला. पाहुणे आले, ताईने दोरा उजव्या हाताने झटक्यात ओवला, लग्न ठरलं. सासरी कुणालाच कधी कळलं नाही. जिथे बघायला कुणी नसायचं, चुलीपुढे, माजघरात, तिथे तो हात आपलं काम करत राहिला. मोदकाच्या कळ्या त्यातल्याच.

शेतात मात्र आईचा नियम सुटायचा. एका वर्षी भातकापणीत ताईला पहिल्यांदा रांगेत उभं केलं. आमच्याकडचा विळा एका बाजूने धार लावलेला असतो, उजव्या हाताला चालेल असा. डाव्या हातात तो भात कापत नाही, सरकतो. आणि ताईचा उजवा हात कापणीत अगदीच अडाणी. पहिल्याच दिवशी तिने नडगी कापून घेतली. दुसऱ्या सकाळी आईने माळ्यावरून एक विळा काढला आणि तिच्या डाव्या हातात दिला. उलट्या धारेचा. त्या दिवशी ताईने सगळ्या बायकांना मागे टाकलं. मला वाटलं, चला, आईने लोहाराला सांगून हिच्यासाठी मुद्दाम करून घेतला. पोरीचे श्रम फुकट जायला नकोत, एवढं तरी तिला कळतं. आई तिला आपल्याजवळ, रांगेच्या पार टोकाला, बांधाच्या अंगाला उभी करायची. आई स्वतः नेहमी तिथेच असायची. मी ते तिच्या ताठ स्वभावात धरलं होतं. त्या वर्षापासून आई कापणीत मागे पडायला लागली. कंबर धरते म्हणायची.

आता हे सगळं डॉक्टरांना कसं सांगायचं? मी सांगितलं तसंच, मोदकांसकट.

त्याआधी मी जरा वाचून घेतलं. मी शिकवत होते तेव्हा मेंदूच्या डाव्या-उजव्यावर पाठ्यपुस्तकात अर्धं पानसुद्धा नव्हतं. पण गर्भात हृदय कसं वळतं हे मी मुलांना उबवणीच्या अंड्यात दाखवायची. कवचाला खिडकी पाडली की आत एक लाल नळी धडधडताना दिसते, आणि ती नळी आधी सरळ असते, मग उजवीकडे झुकते. दर वेळी उजवीकडेच. मुलं विचारायची, बाई, तिला कसं कळतं? मी सांगायची, परीक्षेला नाही.

आता ते बरंच कळलंय. गर्भ तीन आठवड्यांचा असताना, त्याला अजून ना तोंड ना पाठ धड, एका बारक्या खळग्यात केसांसारखे तंतू गरगर फिरतात. सगळे एकाच दिशेने, आणि जरासे कललेले. त्यामुळे खळग्यातलं पाणी डावीकडे वाहतं. त्या वाहण्याने डाव्या अंगाचं एक जनुक जागं होतं, उजवीकडचं निजलेलंच राहतं. तिथून पुढे हृदय, यकृत, जठर, जो तो आपल्या जागी जातो. ज्यांच्यात हे तंतू फिरतच नाहीत, त्यांचं हृदय कुठल्याही बाजूला जाऊ शकतं, नाणं उडवल्यासारखं.

मला वाटलं होतं, मेंदूही याच हिशेबात असणार. काही बारक्या माशांत तसं आहेही. तीच डावीकडची हाक वर मेंदूपर्यंत पोचते आणि मेंदूची एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी घडते. पण माणसाने इथेही आपलं वेगळं चालवलंय. ज्यांचं हृदय उजवीकडे असतं अशी माणसंही बहुतेक उजव्याच हाताने जेवतात आणि त्यांचं बोलणंही बहुधा मेंदूच्या डाव्या भागातच असतं. म्हणजे मेंदूची विभागणी निराळ्या रस्त्याने होते. तो रस्ता अजून पुरता सापडलेला नाही. एखादं जनुक हुकूम सोडतं असं नाही. पुष्कळ जनुकं आहेत, प्रत्येक जण जरासा धक्का देतो. त्यातली काही पेशीच्या आतल्या बारीक नळ्यांशी, पेशीला आकार देणाऱ्या सांगाड्याशी संबंधित आहेत. दोन-अडीच महिन्यांचा गर्भ पोटात हात हलवायला लागतो तेव्हाच बहुतेकांचा उजवा हात जास्त हलतो. मेंदूचा आणि हातांचा संबंध तेव्हा अजून नीट जुळलेलाही नसतो. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच डावीकडची आणि उजवीकडची जनुकं सारखी जागी नसतात. आणि एवढं करूनही उरलेलं नशिबावर. एका बीजाची जुळी असतात, त्यांतलं एक डावरं निघतं आणि एक उजवं.

आईने चिंचोका हातात घेतला तोवर हे सगळं होऊन कितीतरी वर्षं झाली होती. ती मूठ बांधू शकत होती. मेंदूतलं बिऱ्हाड हलवणं तिच्या हातात नव्हतं.

बहुतेक डावऱ्यांचंही बोलणं मेंदूच्या डाव्या भागातच असतं, हेही मी वाचलं होतं. थोड्यांचंच उजवीकडे, किंवा दोन्हीकडे वाटलेलं. तेव्हा माझ्याजवळ खात्री नव्हती, शंका होती. डॉक्टरांनी ती शांतपणे ऐकली. मोदकांवर ते हसले नाहीत. "हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी वेगळ्या अंगाने तपासलं असतं," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी घरी आले. ताईला म्हणाले, "आजी, डोळे मिटा." तिने मिटले. "उघडा, आणि छताकडे बोट दाखवा." दाखवलं. "आता उशीकडे, मग माझ्याकडे." तिने बरोबर त्याच क्रमाने दाखवलं. मग त्यांनी पेन पुढे धरलं. हे काय? ताईचे ओठ हलले. पे नाही, पा नाही. ती रडायला लागली.

"यांना सगळं कळतंय," डॉक्टर भाच्याला म्हणाले. "शब्द गेलेत. समज गेलेली नाही."

भाचा खाली बसला. त्याने आईचा पाय धरला आणि तोही रडला. पनवेलच्या जागेचं तिच्या कानावर गेलं होतं हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. मी पाणी आणायला आत गेले. मला रडायला येत नव्हतं, मला आईचा राग येत होता. तिने एवढं झाकलं नसतं तर पोटच्या पोरीला वेडी ठरवायची पाळी आली नसती.

नंतरचं काम कंटाळवाणं होतं आणि कंटाळवाण्या कामात मी बरी आहे. पनवेल रद्द झालं, मी माझी खोली बंद करून मांडवीला राहायला आले. बोलणं शिकवायला एक मुलगी यायची, चिपळूणकडची, गोड बोलणारी पण सोडून न देणारी. तिने सांगितलं, चित्रं दाखवून उपयोग नाही, घरातल्या रोजच्या वस्तू दाखवा. मग पळी, तवा, कंगवा, नारळ. ताई चहाला ताक म्हणायची आणि चुकलं हे कळून कपाळावर हात मारायची. मला ती "मे" म्हणायची. मेली म्हणायचं असावं. मी ते प्रेमाचं धरलं. तिची डावी मूठ या सगळ्यात घट्ट मिटून गेली होती. अशा आजारात स्नायू आखडतात. रोज एकेक बोट उघडून तळवा पुसावा लागायचा. तो पुसताना मला चिंचोका आठवायचा आणि पुन्हा आईचा राग यायचा.

आश्विनात एके दिवशी वस्तू संपल्या म्हणून मी माळा उपसला. जुन्या सुपाखाली तो विळा निघाला. आई गेल्यावर ताईने गावच्या घरातून एवढा विळाच उचलून आणला होता. मी तेव्हा तिला हसले होते, मांडवीच्या पुळणीत, वाळूत भात पेरणार आहेस का म्हणून. तिने तो पुसून माळ्यावर ठेवून दिला होता.

शिकवणाऱ्या मुलीने विळा वर धरला. "आजी, हे काय?"

ताईने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग, झटक्यानंतर पहिल्यांदाच न अडखळता, अगदी स्वच्छ, "आयचा."

"विळा म्हणा आजी. वि..."

"आयचा."

आईला आम्ही गावच्या बोलीत आय म्हणायचो. "तुझा गो," मी म्हटलं. "आयने तुला करून दिलेला."

ताई चिडली. कुळथाच्या पिठीच्या वेळी चिडली होती तशीच. "नाय. आयचा. आ-य-चा." आणि उजव्या हाताचं बोट तिने ओठांवर ठेवलं, गप्प राहायचं सांगतात तसं, मग माझ्याकडे बघून मान हलवली. आता काय, गेलं तोंडातून, अशी.

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी विळा हातात घेतला. लाकडी मूठ काळी पडलेली, बोटांच्या जागी झिजलेली. आणि मला आठवलं, ताईच्या हातात तो पहिल्यांदा आला त्या सकाळीही मूठ अशीच होती, काळी आणि गुळगुळीत. नवी नव्हती. आई रांगेच्या टोकाला, बांधाकडे, सगळ्यांकडे पाठ करून कापायची. तिचा विळा तिने ताईला देऊन टाकला आणि पुढची सगळी वर्षं चुकीच्या हाताने, चुकीच्या विळ्याने भात कापलं. तिची कंबर कधी दुखत नव्हती. आणि मुठीत चिंचोका धरायची ती युक्ती तिने काढलेली नव्हती. कुणीतरी तिच्या मुठीत तो कधीतरी ठेवला होता.

पन्नासहून जास्त वर्षं मी तो राग सांभाळला होता. तो आता कुणावर ठेवायचा ते मला कळेना. मी त्या परक्या मुलीसमोर रडले.

ताईने उजवा हात पुढे केला. मी विळा दिला. तिने तो मांडीवर ठेवला, उजव्या हाताने डाव्या मुठीचं एकेक बोट उघडलं, लाकूड आत सरकवलं आणि बोटं सोडून दिली. ती आपली आपण त्याच्याभोवती मिटली. धार बरोबर बाहेरच्या अंगाला होती.